पिक्चर संपल्यावरच्या मुली

माझी शाळा चौथीत सुटली. त्यामुळे लिहिताना चुका होणार, आणि अक्षर तर कोंबडीने अंगण उकरल्यासारखं आहे. हे कधी कोणाच्या हाती लागलंच तर त्याने सांभाळून घ्यावं. चारचौघांत माझा आवाज फुटत नाही, लहानपणापासूनच. म्हणून लिहिते. आणि राग आहे म्हणून लिहिते. मुलं मोठी झाली, केस पिकले, पण तो राग काही गेला नाही. तो जावा असं मलाही वाटत नाही.

आमचं गाव देवरूखच्या अलीकडे, डोंगराला टेकून. माझ्या लग्नाचं बघायला लागले तेव्हा मी एकोणीस-वीस वर्षांची असेन. आमच्याकडे मुलगी बघायची रीत ठरलेली होती. पाट मांडायचा, पोहे द्यायचे, सुईत दोरा ओवून दाखवायचा, ओटीवरून अंगणापर्यंत चालून यायचं. कोणी पायाची बोटं बघायचं, कोणी वेणी ओढायचं. हे मला आवडायचं असं नाही. पण बघणारी माणसं मोजकी असायची, आणि बघून झालं की ती आपापल्या घरी जायची.

माझ्या वेळेला व्हिडिओ आला.

मुलगा मस्कतला होता. त्याला सुट्टी मिळणार ती लग्नापुरतीच. मुली बघत फिरायला त्याला वेळ कुठला? म्हणून त्याची आई आणि मामा भाड्याची जीप करून गावोगाव फिरत होते, आणि बरोबर रत्नागिरीचा एक व्हिडिओवाला. मुलीचा व्हिडिओ काढायचा, कॅसेट मस्कतला पाठवायची, मुलगा तिथे बघून ठरवणार. आमच्या घरात सगळ्यांना याचं फार कौतुक वाटलं. बाबांनी शेजारच्या काकांकडून वायर ओढून घेतली, कारण आमच्याकडे तेव्हा वीज नव्हती. व्हिडिओवाल्याने एवढा मोठा दिवा लावला की अंगणातल्या कोंबड्या ओरडत पळाल्या. त्याच्या उष्णतेने माझ्या तोंडावरची पावडर ओघळायला लागली.

व्हिडिओवाला म्हणाला, "कॅमेऱ्यात बघायचं नाय. खाली बघ. जरा लाज."

मी खालीच बघत होते. लाजून लाजून मला जमिनीत शिरावंसं वाटत होतं.

"नाय गो, दिसत नाय ती लाज. मान हळू खाली, मग जराशी वर, मग परत खाली. हां, आणि बारीकसं हसायचं. चला, परत."

परत केलं. मग परत. खरी लाज त्याला चालत नव्हती. काचेतून दिसेल अशी पाहिजे होती. मी जन्माची बुजरी, आणि तो मला बुजायला शिकवत होता.

मुलाची आई खुर्चीत बसून सांगत होती. "केस सोडायला सांगा. आजकाल गंगावनं लावतात." मी केस सोडले. "मागून घ्या. पाठ बघितली पाहिजे." मी पाठ केली. "बाही वर कर, हात बघू देत. त्याला गोऱ्या हाताची आवड आहे." मी बाही वर केली. मग ती म्हणाली, "पदर अंगाबरोबर घट्ट घ्या जरा. असा फुगलेला असला की हाडाची आहे की मांसाची काही अंदाज येत नाय."

माझ्या आईने पुढे होऊन पदर घट्ट ओढून खोचला. माझ्या स्वतःच्या आईने.

वहिनी दारात चहाचं तबक घेऊन उभी होती. ती पुटपुटली, "म्हैस घेताना निदान धार काढून तरी बघतात."

"काय म्हणालीस गो?" मुलाच्या आईने विचारलं.

"चहात दूध चालतं ना, म्हटलं," वहिनी म्हणाली.

त्या सगळ्या दिवसात तेवढंच एक मला गोड लागलं.

महिन्या-दोन महिन्यांनी मुलाचा मामा निरोप घेऊन आला. आधी जेवला, मग सुपारी कातरत म्हणाला, "एकूण पाच मुली धाडल्या होत्या. तुमची तीन नंबरला. मुलाला दोन नंबरची पसंत पडली. तुमची वाईट नाय, पण त्याच्या खोलीतल्या सगळ्यांचं मत पडलं की चालताना गुडघ्यात वाकते."

खोलीतल्या सगळ्यांचं. म्हणजे तो एकटा बघत नव्हता. आई रडली. बाबा अंगणात जाऊन उगाच लाकडं फोडत बसले. मला मात्र हायसं वाटलं. मला वाटलं, सुटले. समुद्रापलीकडच्या त्या खोलीत कोण हसले असतील ते असोत, मला थोडेच ते भेटणार आहेत.

मे महिन्यात मुंबईची माणसं गावी आली. दरवर्षी ती पूजा घालायची, आणि पूजेला काहीतरी करमणूक आणायची. त्या वर्षी त्यांनी वर्गणी काढून रत्नागिरीहून व्हिडिओ आणला. संध्याकाळी वीज टिकत नसे म्हणून भर दुपारी शाळेच्या खोलीत ठेवला, खिडक्यांना घोंगड्या लावून. मास्तरांच्या टेबलावर टीव्ही. एका बाजूला बाप्ये, एका बाजूला बायका, पुढे पोरं. मारामारीचं हिंदी पिक्चर होतं. मी आणि वहिनी भिंतीकडेला बसलो होतो. उकाड्याने जीव जात होता, पण मजा वाटत होती.

पिक्चर संपलं. पडद्यावर मुंग्या आल्या. लोक उठून लुगडी-लेंगे झटकायला लागले. व्हिडिओवाल्याचा माणूस दाराशी विडी ओढत होता, त्याने मशीन बंद केलं नव्हतं. तेवढ्यात मुंग्या गेल्या आणि एक मुलगी आली. कोणाच्या तरी ओटीवर उभी, मान खाली, मग वर, मग परत खाली.

"अरे, दुसरं पिक्चर हाय!" कोणीतरी ओरडलं. उठलेले लोक परत बसले.

पहिली मुलगी चालली, वळली, केस सोडले. दुसरी आली. मला तेव्हाच समजलं. पण उठले असते तर सगळे माझ्याकडेच वळले असते. मग आमचं तुळशीवृंदावन आलं, आमची ओटी आली, आणि मी आले.

"अरे, ही तर आपल्या वाडीतली!"

"गप रे, बघू दे."

"बाही वर करते बघ! पुढं काय वर करते?"

मी टीव्हीत चालत होते, आणि इथे भिंतीकडेला बसले होते. वहिनीने स्वतःचा पदर माझ्या डोक्यावरून ओढला. पदराच्या आतून मला सगळं ऐकू येत होतं. कोणीतरी म्हणालं, "मागं घे रे, परत दाखव." त्या माणसाने बटण दाबलं. मी पदर बाजूला करून बघितलं. का बघितलं ते मला अजून कळत नाही. मी उलटी चालत होते, भरभर, बाहुलीसारखी. आईचा हात आला आणि खोचलेला पदर सोडून गेला. आईचा हात आला आणि खोचलेला पदर सोडून गेला. सगळी खोली हसली. पोरं लोळली. बायकाही हसल्या. पदर तोंडाला लावून, पण हसल्या.

बाबा त्या खोलीत होते. ते उठले आणि कोणाकडे न बघता बाहेर गेले. त्यांची वाट टेबलाजवळूनच होती. बटण हाताच्या अंतरावर होतं. त्यांनी ते बंद केलं नाही. त्यांना लाज वाटली असणार, मला ठाऊक आहे. पण लाज माझ्यासाठी वाटली की माझ्यामुळे, हे मी त्यांना शेवटपर्यंत विचारलं नाही. आता ते नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून माझं नाव गेलं. पाणवठ्यावर गेले की पारावरची पोरं म्हणायची, "तीन नंबर आली रे, वाट द्या." एकजण माझ्यासारखा गुडघ्यात वाकून चालून दाखवायचा. बायका म्हणायच्या, "मनावर घेऊ नको गो, पोरांची जातच मेली तशी." पण त्यातल्या एकीनेही स्वतःच्या पोराच्या थोबाडीत दिली नाही.

आम्ही मुली त्या कॅसेटवर कशा आलो ते विचारून ये, म्हणून मी दादाच्या मागे लागले. मला मोठ्याने भांडता येत नाही, मी नुसती त्याच्यापुढे जाऊन उभी राहायची. शेवटी कंटाळून तो रत्नागिरीला त्या व्हिडिओवाल्याच्या दुकानात जाऊन आला; पूजेचं पिक्चरही तिथूनच आणलं होतं. आल्यावर पाय धुता धुता सांगायला लागला. नवी कॅसेट महाग पडते, म्हणून व्हिडिओवाला पिक्चरच्या कॅसेटवर शेवटी उरलेली फीत वाया घालवत नसे. मुलींचं शूटिंग त्याने त्या उरलेल्या फितीवरच केलं, आणि तिथून उतरवून मस्कतला दुसरी कॅसेट पाठवली. मूळची पुसायची राहून गेली.

"मग आता पूस म्हणावं," मी म्हटलं.

दादाने पाय पुसले. मग म्हणाला, "तो म्हणतो, आता त्या कॅसेटला मागणी हाय. गावागावांतून येऊन मागतात, ती शेवटी मुली असलेली द्या. पिक्चर तर फुसकंच हाय, मुलींमुळं चालतं." आणि मग माझा भाऊ म्हणाला, "तुमच्या सगळ्यांच्या अंगावर कपडे तर हायत ना? काय झिजतं तुमचं?"

त्या दिवसापासून मला नुसती मीच नाही, बाकीच्याही दिसायला लागल्या. पहिली मुलगी दिसायची, तिच्या परकराची किनार उसवलेली होती. चौथी दिसायची, पदराआडून ओझरती बघितलेली, ती फार बारीक होती, शाळकरीच असावी. आणि दोन नंबरची, जिचं लग्न ठरलं होतं, ती तर आता कोणाची तरी बायको होती. तीही अजून कुठल्यातरी शाळेच्या खोलीत भर दुपारी केस सोडत होती. आमच्यापैकी कोणाला कोणी विचारलं नव्हतं. आमच्या चालण्याचं भाडं तो माणूस घेत होता, आणि आमचं काही झिजत नव्हतं म्हणे.

पाऊस तोंडावर आला तेव्हा वहिनी आणि मी रत्नागिरीच्या बाजाराला गेलो. सुकी मासळी भरायची होती आणि दोन कोयत्या लोहाराकडून पाजवून आणायच्या होत्या. सगळं आटोपल्यावर मी वहिनीला म्हटलं, "मला त्या दुकानात जायचंय."

वहिनीने माझ्याकडे बघितलं. "काय करणार तिथं? तुझ्या तोंडातून शब्द तरी फुटेल काय?"

"तू बोल," मी म्हटलं.

दुकान बाजाराच्या रस्त्यावरच होतं. त्याने गिऱ्हाईक ओढायला कॅमेरा उभा करून टीव्हीला जोडला होता आणि टीव्ही रस्त्याकडे तोंड करून ठेवला होता. आत जो उभा राहील तो टीव्हीत दिसायचा. रस्त्यावर कायम गर्दी. लोक एकमेकांना आत ढकलायचे, टीव्हीत बघून हात हलवायचे.

आम्ही आत गेलो. वहिनी म्हणाली, "आमच्या गावात पूजा हाय. ती शेवटी मुली असलेली कॅसेट पाहिजे."

तो हसला. "सगळ्यांना तीच हवी. आता तर बायकाही मागायला लागल्या." त्याने मागच्या कपाटातून कॅसेट काढून समोरच्या फळीवर ठेवली. मग माझ्याकडे बघितलं, आणि परत वहिनीकडे वळून भाड्याचं सांगू लागला.

त्याने मला ओळखलं नाही. ज्याने मला लाजायला लावलं, परत परत लावलं, माझी पाठ, हात, केस, सगळं त्या काचेतून बघितलं, त्याला माझं तोंड आठवत नव्हतं. तोपर्यंत माझा विचार होता, कॅसेट पुसून टाक म्हणून नुसतं मागून बघायचं. पाया पडायलासुद्धा मी तयार होते. त्या क्षणी ते सगळं संपलं.

मी कॅसेट उचलली. पिशवीतून कोयती काढली आणि तिच्या पाठीने कॅसेट फळीवर ठेचली. एकदा, दोनदा. काळं कवच फुटलं. आतली फीत हाताला लागली, आणि मी ती ओढायला लागले. भराभर, विहिरीतून पोहरा ओढावा तशी. ती संपेचना. तपकिरी, चकचकीत, माझ्या मनगटांवर, कोपरांवर, पायांत गुंतत गेली. मधेच मी वर बघितलं. समोर टीव्ही नव्हता, कॅमेरा होता, त्याचा काळा डोळा. मी त्यात सरळ बघितलं. मान खाली घातली नाही. बाहेर रस्त्यावर लोकांना मी टीव्हीत दिसत होते, हातात कोयती आणि अंगभर फीत.

"अरे, पळा पळा, पिक्चर चालू झालं!" कोणीतरी ओरडलं. गर्दी वाढली.

"ए बाई! ए! वेड लागलंय काय?" व्हिडिओवाला फळीला वळसा घालून आला, पण कोयती बघून थांबला. मी फितीचे झुबके करून करून कापले. कापले म्हणजे अक्षरशः गवत कापावं तसे, मुठीत धरून. बाहेरचे हसत होते, मग हसायचे थांबले. का थांबले ते मला माहीत नाही. माझं तोंड त्यांना टीव्हीत कसं दिसलं असेल, तेही मला माहीत नाही. मी ते बघितलेलं नाही, आणि ते कुठे भरूनही ठेवलेलं नाही. माझं तेवढंच एक चित्र असं आहे की जे कोणी परत लावू शकत नाही.

मग मी म्हटलं, "मी तीन नंबरची."

त्याला कळायला जरा वेळ लागला. कळलं तसा तो अधिकच तापला. पोलिसांना बोलावतो म्हणाला. कॅसेटची किंमत सांगितली, पिक्चरची वेगळी सांगितली, पुढं गणपतीत जे भाडं मिळालं असतं तेही धरलं. वहिनी भांडायला लागली. दुकानाच्या पायरीशी एक मुसलमान म्हातारी सुक्या बोंबलांची टोपली घेऊन बसायची. तिने तिथूनच विचारलं, "काय रे बाबा, त्यात तुझी बहीण असती तर किती भाडं लावलं असतंस?" लोक हसले. त्याने आकडा थोडा खाली आणला.

मी म्हटलं, "देईन."

"कधी?"

"देईन म्हटलं ना. थोडे थोडे देईन."

"मी साक्षी हाय," म्हातारी म्हणाली. "आता जा बाय घरी. ती कोयती आत ठेव आधी."

घरी रणकंदन झालं. दादा म्हणाला, घराण्याची अब्रू बाजारात मांडलीस. जणू ती शाळेच्या खोलीत मांडली गेली तेव्हा तो मुंबईला होता! दोन दिवसांनी बाबा म्हणाले, "मी जाऊन त्याची माफी मागतो. पाया पडलो तर सोडून देईल तो पैसे."

मी नको म्हटलं. बाबांना नाही म्हणायची माझी ती पहिलीच वेळ. माफी मागितली की चूक माझी होती असं ठरतं. पैसे दिले की एवढंच ठरतं की एक वस्तू मोडली आणि तिची किंमत चुकती झाली. मला एवढंच ठरायला हवं होतं.

मी रस्त्यावरच्या काजूच्या कारखान्यात बिया फोडायला जाऊ लागले. मजुरी निघालेल्या गरावर मिळायची. बियांचं तेल हाताला लागू नये म्हणून आम्ही राख चोळायचो, पण ते लागायचंच. कातडी जळायची, सोलायची, मग काळी पडायची. पंजे कोळशासारखे झाले. आई रोज म्हणायची, "असल्या हाताची पोर कोण करणार?" एकदा एक स्थळ आलं, त्या बाईने माझे हात उलटे-सुलटे करून बघितले आणि चहा अर्धा टाकून उठली. मला काही वाटलं नाही. गोऱ्या हाताची आवड असलेले जाऊ देत मस्कतला.

मस्कतला गेलेली ती दुसरी कॅसेट कुठे आहे, ते मला आजही ठाऊक नाही. कधी कधी वाटतं की ती कुठल्यातरी ट्रंकेत आहे, आणि त्यात आम्ही पाचजणी अजून खाली बघतोय. तिथपर्यंत माझी कोयती पोचली नाही. हा राग तसाच राहणार.

पाऊस सरला, भात घरात आलं, दिवाळी झाली. मजुरी मिळाली की मी बाजाराला जायची आणि त्याच्या फळीवर पैसे ठेवून यायची. पहिल्यांदा तो टोचून बोलायचा. "या, कोयती आणली काय?" मग बोलायचा थांबला. शिमग्याच्या थोडं आधी मी शेवटचे पैसे घेऊन गेले. वहिनी बरोबर नव्हती, एकटीच गेले. दुकानात गिऱ्हाईकं होती. तो म्हणाला, "एवढ्याशासाठी एसटीचं भाडं घालून कशाला आलीस? राहिले असते तर राहिले असते."

मी पैसे फळीवर ठेवले आणि हात मागे घेतला नाही. माझा काळा पंजा तिथेच राहिला. म्हटलं, "मोजा."

"असू दे गो, बरोबरच असतील."

"मोजा. सगळ्यांच्या समोर."

गिऱ्हाईकं बघायला लागली. त्याने नोटा उचलल्या, सुटे पैसे बोटाने एकेक बाजूला सारत मोजले. पैसे पूर्ण होते.